शब्दसमूहाऐवजी एक नेमका शब्द : इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

नवी दिल्ली : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा उमेदवारांना आहे; मात्र इंग्रजीच्या एका प्रश्नपत्रिकेतून त्यांची सुटका नसते. ३०० गुणांच्या या प्रश्नपत्रिकेत किमान २५ टक्के गुण मिळाले नाहीत, तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयांतील कामगिरीचा विचारच होत नाही. दिलेल्या उताऱ्याचा एकतृतीयांश शब्दांत सारांश लिहिणे हा या प्रश्नपत्रिकेतील नेहमीचा प्रश्न. अनेक शब्दांचे काम एका शब्दाकडून करून घेण्याची सवय नसेल, तर हा प्रश्न अवघड जातो.

कर्मचारी निवड आयोगाच्या एकत्रित पदवीस्तर परीक्षेत तर हेच कौशल्य थेट तपासले जाते. या परीक्षेच्या सध्याच्या रचनेनुसार दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला तीन गुण असून चुकीच्या उत्तरासाठी एक गुण वजा होतो. त्यामुळे शब्दसमूहासाठी एक शब्द निवडताना अंदाज बांधणे महागात पडू शकते.

ओळखीचा पाया

हा अभ्यासप्रकार मराठी विद्यार्थ्याला नवा नाही. शालेय व्याकरणात ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ हा घटक असतोच. उपकार जाणणारा तो कृतज्ञ आणि उपकार विसरणारा तो कृतघ्न, हे बालपणीच पक्के झालेले असते. त्याच धर्तीवर सर्व काही जाणणारा म्हणजे सर्वज्ञ, इंग्रजीत ‘ऑम्निशन्ट’; पाण्यात व जमिनीवर राहणारा म्हणजे उभयचर, इंग्रजीत ‘ॲम्फिबियन’; अनेक भाषा येणारा म्हणजे बहुभाषक, इंग्रजीत ‘पॉलिग्लॉट’. दोन्ही हात सारख्याच कौशल्याने चालविणाऱ्यास इंग्रजीत ‘ॲम्बिडेक्स्ट्रस’ म्हणतात. डाव्या हातानेही बाण सोडू शकणाऱ्या अर्जुनाचे ‘सव्यसाची’ हे नाव आठवले, की हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

एक मूळ, अनेक शब्द

शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ केल्यास त्या लवकर विस्मरणात जातात. त्याऐवजी शब्दाचे मूळ समजून घेतल्यास एकाच प्रयत्नात अख्खे कुटुंब हाती लागते. ‘साइड’ हे हत्या या अर्थाचे लॅटिन मूळ असलेले उत्तरपद त्याचे चांगले उदाहरण आहे. ‘होमिसाइड’ म्हणजे मनुष्यवध आणि ‘सुइसाइड’ म्हणजे आत्महत्या. ‘पॅट्रिसाइड’, ‘मॅट्रिसाइड’ आणि ‘फ्रॅट्रिसाइड’ म्हणजे अनुक्रमे पितृहत्या, मातृहत्या आणि भ्रातृहत्या. येथे लॅटिनमधील ‘पॅटर’, ‘मॅटर’, ‘फ्रॅटर’ आणि संस्कृतमधील पितृ, मातृ, भ्रातृ यांचे साम्य कानालाही जाणवते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीसमोर मांडला होता. तत्सम शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीच्या वाचकाला या नात्याचा सहज उपयोग करून घेता येतो.

याच कुटुंबातील ‘जेनोसाइड’ हा शब्द मात्र विसाव्या शतकात घडविण्यात आला. पोलंडचे ज्यू कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी ग्रीकमधील वंशवाचक ‘जेनोस’ आणि लॅटिन ‘साइड’ यांचा संयोग करून १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो मांडला. त्यापूर्वी या गुन्ह्याचे वर्णन वाक्येच्या वाक्ये खर्ची घालून करावे लागत असे. अवघ्या चार वर्षांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याविरुद्धचा करार मंजूर केला. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाचा पूर्णतः वा अंशतः नाश करण्याचा हेतू, हा त्यातील व्याख्येचा गाभा आहे. परीक्षेच्या मार्गदर्शिकांत या शब्दाचा अर्थ ‘मोठ्या प्रमाणावरील हत्या’ एवढाच दिलेला असेल, तर तो अपुरा ठरतो.

शेजारच्या शब्दांतील फरक

नेमका शब्द निवडताना खरी कसोटी लागते ती सारख्या भासणाऱ्या शब्दांत. ‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, तर ‘बायेनिअल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेचे सुमारे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. त्या जागांसाठीच्या निवडणुकीला ‘बायेनिअल’, मराठीत ‘द्वैवार्षिक’, म्हटले जाते.

संसदीय कामकाजात तर एका शब्दावर विधेयकाचे भवितव्य ठरते. ‘ॲडजर्न’ म्हणजे सभागृहाची बैठक तहकूब करणे. तो अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांचा असतो. ‘प्रोरोग’ म्हणजे राष्ट्रपतींनी सत्रसमाप्ती करणे. त्यामुळे प्रलंबित विधेयके रद्द होत नाहीत. ‘डिझॉल्व्ह’ म्हणजे सभागृहच विसर्जित करणे. राज्यसभेचे विसर्जन होत नाही. लोकसभा विसर्जित झाली, की तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात.

न्यायालयीन वृत्तांतही अशीच दक्षता मागतात. खटला चालून आरोप सिद्ध न झाल्यास होते ते ‘ॲक्विटल’, म्हणजे निर्दोष मुक्तता. खटला पुढे चालविण्याइतका आधार नसल्याने आरोपनिश्चितीपूर्वीच आरोपीला वगळले जाते, ते ‘डिस्चार्ज’, म्हणजे दोषमुक्ती. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरल्यास बातमीचा अर्थ बदलतो.

जड शब्द म्हणजे नेमका शब्द नव्हे

शब्दसमूह टाळणे म्हणजे दरवेळी दुर्मीळ शब्द शोधणे, असा समज चुकीचा आहे. ‘इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट’ऐवजी ‘ऑलदो’, ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ऐवजी ‘बिकॉज’, ‘ॲट धिस पॉइंट इन टाइम’ऐवजी ‘नाऊ’ हे साधे शब्द पुरेसे असतात. बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावरील १९४६ च्या निबंधात, सोपा शब्द पुरेसा असताना जड शब्द न वापरण्याचा सल्ला दिला आहे.

मराठीच्या प्रभावामुळे येणारे अनावश्यक शब्दही गाळता येतात. ‘विषयी चर्चा करणे’ या रचनेवरून ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ‘डिस्कस’ या क्रियापदात ‘विषयी’ हा अर्थ सामावलेला असतो. ‘परत येणे’वरून येणाऱ्या ‘रिटर्न बॅक’मधील ‘बॅक’ही असाच निरुपयोगी ठरतो.

सरावाची पद्धत

वहीत प्रत्येक शब्दासाठी चार नोंदी कराव्यात : शब्दाचे मूळ, मराठी प्रतिशब्द, त्याच्याशी गल्लत होऊ शकेल असा शेजारचा शब्द आणि स्वतः रचलेले एक वाक्य. उजळणी करताना शब्द झाकून केवळ अर्थ वाचावा आणि शब्द आठवून लिहावा. ही उजळणी एकाच दिवशी अनेकदा करण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने करणे अधिक लाभदायक असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणशक्तीवरील अभ्यासात अंतर राखून केलेल्या उजळणीचा लाभ दिसून आला होता.

यासोबत रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक परिच्छेद निवडून तो एकतृतीयांश शब्दांत लिहून पाहावा. त्यातील कोणता शब्दसमूह एका शब्दात मावतो आणि कोठे तसे केल्यास अर्थ निसटतो, हे या सरावातूनच कळू लागते. सारांशाच्या प्रश्नासाठी लागणारी तयारीही त्यातून आपोआप होत जाते.