निर्देशांक निधी

शेअरबाजाराच्या एखाद्या निर्देशांकात अंतर्भूत असलेल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात विकत घेऊन बाळगणारा परस्पर निधी. व्यवहारात तो इंडेक्स फंड या नावाने ओळखला जातो. कोणती कंपनी चांगली, हे या निधीचा व्यवस्थापक ठरवीत नाही. निर्देशांकाची यादी बदलली म्हणजे निधीजवळील शेअरही बदलतात.

मोठ्या कंपन्यांचे भारतातील दोन प्रमुख निर्देशांक म्हणजे मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स (३० कंपन्या, प्रारंभ १९८६) व राष्ट्रीय शेअरबाजाराचा निफ्टी (५० कंपन्या, प्रारंभ १९९६) हे होत. प्रवर्तकांच्या हाती नसलेल्या व खरेदी-विक्रीस उपलब्ध असलेल्या शेअरांच्या बाजारमूल्यावरून त्यांत प्रत्येक कंपनीचा भार ठरतो. एखाद्या कंपनीचा भार ८ टक्के असल्यास निधीत गुंतविलेल्या १०,००० रुपयांपैकी सु. ८०० रुपये तिच्या शेअरांत जातात.

सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला निधी जॉन बोगल यांनी अमेरिकेत व्हॅनगार्ड या संस्थेतर्फे १९७६ मध्ये सुरू केला. खर्च वजा जाता बहुतेक व्यवस्थापकांना दीर्घकाळ बाजाराच्या सरासरीवर मात करता येत नाही, हे त्यामागील सूत्र होय. खर्चातील अल्प फरकही कालांतराने मोठा होतो : १ लाख रुपये दरसाल १० टक्के चक्रवाढीने २० वर्षांत सु. ६ लाख ७३ हजार होतात, तर ९ टक्क्यांनी सु. ५ लाख ६० हजारच होतात.

एकाच कंपनीत पैसा गुंतविणे आणि निर्देशांक निधी यांतील भेद खानदेशातील उदाहरणांवरून स्पष्ट होतो. अमळनेर (जि. जळगाव) येथे १९४५ मध्ये वनस्पती तूप तयार करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो या नावाने संगणक-व्यवसायात अग्रेसर ठरली व तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी अमळनेरची कुटुंबे संपन्न झाली. याउलट, त्याच गावची एके काळी भरभराटीस आलेली प्रताप गिरणी पुढे बंद पडली. यांपैकी कोणाचे भवितव्य कसे असेल, हे १९४५ मध्ये सांगता आले नसते. निर्देशांक निधीत कंपनी मोठी झाल्यावरच येते; त्यामुळे तिच्या आरंभीच्या वाढीचा लाभ मिळत नाही, मात्र एका कंपनीच्या ऱ्हासाने सर्व बचतही बुडत नाही. मागे पडलेली कंपनी यादीतून वगळली जाते. खुद्द विप्रोच्या जागी जून २०२४ मध्ये सेन्सेक्समध्ये दुसरी कंपनी आली.

वगळण्यापूर्वीचे नुकसान मात्र निधीस सोसावे लागते. सत्यम कॉम्प्युटर्सचा हिशेबातील गैरव्यवहार जानेवारी २००९ मध्ये उघडकीस आला, तेव्हा ती कंपनी दोन्ही निर्देशांकांत होती. सर्व बाजार कोसळल्यास निधीही कोसळतो : जानेवारी २००८ मध्ये २०,८०० च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला. धुळ्याच्या देवपूर भागातील एखाद्या शिक्षकाने मार्च २००९ मध्ये मुलीच्या शिक्षणास लागणारी रक्कम जानेवारी २००८ मध्ये त्यात ठेवली असती, तर ऐन गरजेच्या वेळी तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग नाहीसा झाला असता. म्हणून दहा-पंधरा वर्षे हात न लावता येण्याजोग्या बचतीसच हा निधी अनुरूप ठरतो.