गोरेपणाची किंमत किडनीने का मोजावी?

तुळशीचे लग्न लागले की राळेगाव परिसरात मुली पाहण्याचे कार्यक्रम सुरू होतात आणि ओपीडीत चेहऱ्याच्या तक्रारी वाढतात. चेहरा लालबुंद, उन्हात आग, गालभर मुरूम. ‘काय लावता?’ विचारले की मुलगी खाली पाहते आणि आई पिशवीतून डबी काढते. ‘पाहुणे यायचे आहेत, डॉक्टरसाहेब. पंधरा दिवसांत उजळते म्हणे.’

नाक नीट करून घेण्याची शस्त्रक्रिया ही मोठ्या शहरातली गोष्ट. आपल्याकडे सुंदर दिसण्याचा दबाव डबीतून आणि ट्यूबमधून घरात शिरतो. शस्त्रक्रियेआधी निदान रक्त तपासतात, संमतीपत्रावर सही घेतात. या डबीला ना तपासणी, ना सही.

अकोल्याची घटना आठवा. २०२३ च्या सुरुवातीला तिची बातमी आली. आई आणि दोन मुली, एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा बोट गोरेपणाच्या क्रीमकडे गेले. त्यात पारा मर्यादेच्या हजारो पट निघाला.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार करणारी क्रिया रोखतो, म्हणून रंग खरोखरच उजळतो. फसगत होते ती इथेच. तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. किडनीची चाळणी बिघडते, प्रथिने लघवीवाटे गळतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. केरळमधील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये अशा विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्यांपैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना आराम पडला.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही औषधे ठरावीक आजारांवर, ठरावीक दिवसांपुरतीच असतात. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावली तर त्वचा पातळ होते, लव वाढते आणि ट्यूब सोडताच चेहरा पेटतो. घाबरून लोक पुन्हा तीच लावतात. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती शेजारणीच्या सांगण्यावरून घरोघरी पोहोचतात.

एवढे करा. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत नसेल तर ती घेऊ नका. पारा ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’ अशा नावांनीही लपतो. असे क्रीम लावलेल्या चेहऱ्याचा टॉवेल लेकराला वापरू देऊ नका. आधीपासून लावत असाल तर थांबा आणि लघवीची साधी तपासणी करा. ती सरकारी रुग्णालयात होते. स्टेरॉइडची सवय लागली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सोडा. येताना डबी सोबत आणा, लाजू नका.

आणि एक विनंती मुलाकडच्यांना. कापसाच्या वावरात उन्हात राबणाऱ्या मुलीचा रंग सावळाच असणार. तो आजार नाही, उन्हापासूनचे संरक्षण आहे. बायोडाटात ‘गोरी हवी’ लिहिण्याआधी त्या डबीची आठवण ठेवा. ती विकत घेते मुलीची आई, पण तिला बाजारात पाठवतो आपण सगळे.