न हटणारे पडसे

पडशाला आपण आजार मानीत नाही. चार दिवसांनी जाईल म्हणतो, आणि बहुधा ते जातेही. परंतु तीन-तीन महिने नाक चोंदलेले, वास येईनासा झालेला, गालाच्या हाडात जडपणा आणि घशात चिकट स्राव उतरत असेल, तर त्याला नुसते पडसे म्हणून चालणार नाही.

बेळगावचे खासबाग ही विणकरांची वस्ती. सुताच्या धुळीत दिवस काढणाऱ्याने प्रत्येक शिंक मागाच्या माथी मारावी, हे साहजिकच. त्यात येथील पावसाळा दमट. भिंतींवर बुरशी चढते. तिचे सूक्ष्म बीजकण आपण सारेच रोज श्वासाबरोबर घेतो. निरोगी नाक ते बाहेर टाकते. मात्र काहींच्या बाबतीत ते नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, ठाण मांडतात.

या बुरशीपैकी एका प्रमुख जातीचे नाव आहे ॲस्परजिलस. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अंतोनियो मिकेली यांनी १७२९ साली ते दिले. भिंगाखाली तिचा आकार पाहून त्यांना उपासनेतील पवित्र जल शिंपडण्याच्या साधनाची आठवण झाली. आपल्या परिचयाच्या वस्तूचे नाव असे एका रोगबीजाला मिळाले!

या विकाराचे प्रकार निरनिराळे आहेत. कधी एकाच पोकळीत बुरशीचा गोळा साचतो. तो काढला की रोगी बहुधा बरा होतो. कधी बुरशीची ॲलर्जी होऊन नाकात मांस वाढते आणि घट्ट चिकट स्राव साठतो. त्याच्या दाबाने डोळ्यालगतचे कागदासारखे पातळ हाडही झिजू शकते. येथे केवळ गोळ्यांनी भागत नाही.

पूर्वी ओठाखालून हिरडीवर छेद घेऊन गालाचे हाड फोडावे लागे. पुढे ऑस्ट्रियातील ग्राट्झचे डॉ. मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने नाकाचा सूक्ष्म अभ्यास केला, आणि १९८० नंतर नाकपुडीतूनच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत जगभर रूढ झाली. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. आधी सीटी स्कॅन काढतात, मग पोकळीचे तोंड मोकळे करून आतील घाण उपसतात. तथापि ॲलर्जीचा प्रकार पुन्हा उलटतो. म्हणून नंतरचे फवारे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि वेळोवेळी तपासणी चुकवू नये. धुण्याचे पाणी उकळून गार केलेलेच असावे.

२०२१ साली कोविडपाठोपाठ आलेली काळी बुरशी आपण विसरलो नाही. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कित्येकांचे डोळे गेले, कित्येक जीव गेले. ॲम्फोटेरिसिन हे औषधही दुर्मिळ झाले होते. अनावर मधुमेह आणि अतिरिक्त स्टिरॉइड ही तिची मोठी कारणे. हा रोग महिन्यांत नव्हे, दिवसांत पसरतो. म्हणून मधुमेही माणसाच्या चेहऱ्यावर सूज, डोळ्यामागे कळ, टाळूवर काळा डाग किंवा दुहेरी दिसणे आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बेळगावात केएलईचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. सरकारी जिल्हा रुग्णालयही आहे. तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. घरातील कर्ता माणूस एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढतो. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या घरात असा कोणी असेल तर त्याला या आठवड्यातच नाकाच्या डॉक्टरांकडे न्यावे, एवढीच आमची विनंती. बुडालेली मजुरी भरून निघेल. गेलेली दृष्टी परत येत नाही.