महिन्याचे शुक्रवार चारच नसतात!

आपल्या पुण्यात आठवड्याच्या सातही वारांच्या नावांच्या पेठा आहेत. अशा शहरातल्या व्यापाऱ्याने वार मोजण्यात चुकावे, ही हसण्यासारखी गोष्ट. पण ती आमच्याच हातून झाली.

१ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२५ या हंगामासाठी आम्ही भरतकामाचे कारागीर बसवले. दर शुक्रवारी खर्ची, बाकी हिशेब शेवटी, असे ठरले. तीन महिने, महिन्याचे चार शुक्रवार, म्हणून १२ खर्च्यांची रोकड बाजूला काढली. प्रत्यक्षात शुक्रवार निघाले १४! ऑगस्टमध्ये ५, सप्टेंबरमध्ये ४, ऑक्टोबरमध्ये ५. शेवटच्या दोन खर्च्या उसने घेऊन द्याव्या लागल्या; एकदा तर कारागीर रात्रीपर्यंत ताटकळले. ज्याच्या घरात त्या पैशावर आठवड्याचे राशन भरते, त्याला आमची सबब काय कामाची?

हा हिशेब कागदावरही सोपा आहे. दोन्ही टोकांच्या तारखा धरून दिवस झाले ९२. त्याला ७ ने भागले की १३ आठवडे आणि बाकी १. म्हणजे प्रत्येक वार १३ वेळा आलाच. उरलेला दिवस पहिल्या तारखेच्या वाराचा. १ ऑगस्टला शुक्रवार होता, म्हणून शुक्रवार १४.

दुकानात संगणक असेल तर २०१० पासूनच्या एक्सेलमध्ये हे काम एका ओळीत होते. ए१ मध्ये पहिली तारीख, बी१ मध्ये शेवटची लिहा. मग सी१ मध्ये इंग्रजी अक्षरे व आकडे वापरून असे भरा :

=नेटवर्कडेज.इंटल(ए१,बी१,"११११०११")

यातले 'इंटल' म्हणजे आय, एन, टी, एल ही चार अक्षरे. अवतरणातले सात आकडे सोमवार ते रविवारचे. १ म्हणजे तो वार सोडा, ० म्हणजे मोजा. पाचव्या जागी शुक्रवार, म्हणून तिथे ०. शनिवारी पगार देणाऱ्यांनी शून्य सहाव्या जागी ठेवावे.

एक खबरदारी घ्या. संगणकात तारखेची अमेरिकन पद्धत लावलेली असेल, तर १/८ ही त्याला ८ जानेवारी वाटते आणि ३१/१० ला तो तारीखच मानत नाही. उत्तर एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहा.

बांधवांनो, कारागिराला जबान देण्याआधी वार मोजा. दोन मिनिटांचे काम आहे. त्यात आपली पतही राहते आणि त्याचा चुल्हाही.