घरखर्चाचा हिशेब, भाग ७ : आधी बाजार, मग बेत

महिन्याचा किराणा आपण मागच्या भागात पाहिला. यादी करून सामान एकदा भरलं की तिथे चुकायला फारशी जागा उरत नाही. पैसे गळतात ते नंतर, रोजच्या जेवणात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात एकूण खर्चाचे सुमारे ४० टक्के खाण्यावर जातात. त्यात धान्याचे ४ टक्केही नाहीत. पेयं, तयार जेवण आणि पाकीटबंद पदार्थांचे मात्र ११ टक्के. म्हणजे स्वस्त तांदळासाठी चार दुकानं पालथी घालून फार काही हाती लागणार नाही. हे ११ टक्के म्हणजे सगळी उधळपट्टी नव्हे, घरापासून दूर राहणाऱ्यांचं पोटही त्यातच भरतं. पण जिथे रोज स्वयंपाक होतो, तिथे ‘आज काय करायचं?’ याला संध्याकाळी सात वाजता उत्तर नसलं की बाहेरून मागवलं जातं, आणि आणलेली मेथी तशीच पिवळी पडते. एका जेवणाचे पैसे दोनदा जातात.

बेत आखताना आपण आधी पदार्थ लिहितो आणि मग त्यांच्यासाठी बाजार करतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. जे स्वस्त आणि ताजं मिळेल ते आणायचं आणि कोणती भाजी किती टिकते, त्यावरून वार ठरवायचे. रविवारी बाजार केला तर मेथी, शेपू, चाकवत सोमवारपर्यंत संपवावेत. भेंडी, गवार मंगळवार-बुधवारी, कोबी किंवा दुधी गुरुवारी, लाल भोपळा नाहीतर बटाटा शुक्रवारी. शनिवारी पिशवी रिकामी असणारच. म्हणून गुरुवारी रात्री मटकी भिजत घालायची, शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. शनिवारी उसळीला मोड तयार. मुळ्याचा पाला टाकायचा नाही, पीठ पेरून त्याची भाजी होते.

भाव रोज बदलतात, मग बेत टिकणार कसा, हा आक्षेप रास्त आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक शहरांत दीडशे रुपये किलोच्या पुढे गेला होता. पण आमटीला हवा असतो आंबटपणा, तो आमसुलाने किंवा चिंचेनेही येतो. तूर महागली तर मुगाची, मसुरीची आमटी करता येते. फक्त डाळच कमी करून भाताने पोट भरायचं, ही काटकसर करू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा येऊ नये. आपल्या ताटात ती सहज येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पालेभाजी निवडायला, कडधान्य भिजवायला वेळ कोणाला आहे? बहुतेक घरांत हे काम एकाच बाईवर पडतं आणि सगळा बेतही तिच्याच डोक्यात असतो. म्हणूनच तो कागदावर उतरवून फ्रिजच्या दारावर लावायला हवा. ‘गुरुवार रात्र, मटकी’ एवढं लिहिलेलं असलं तर ती नवरा भिजवू शकतो, दहावीतला मुलगाही भिजवू शकतो. वाचलेल्या पैशांइतकंच मला हेही मोलाचं वाटतं.

येत्या रविवारी बाजारातून आल्यावर पिशवी समोर ठेवून सात वार लिहून पाहा. पुढच्या भागात तेलाचा हिशेब करू.