चंद्रावर हल्ला कर!

युगी मुतो हा शाळकरी मुलगा माको त्सुनामी नावाच्या कोळ्याच्या पोराशी पत्त्यांचा डाव मांडून बसलाय. माकोचे सगळे मॉन्स्टर पाण्याखाली दडलेले. वर येतात, वार करतात, पुन्हा बुडी मारतात. युगीने आधी टाकलेल्या एका कार्डामुळे मैदानावर पौर्णिमेचा चंद्र उगवलेला आहे आणि समुद्राला उधाण आलंय. युगी थोडा विचार करतो आणि आपल्या दगडी सैनिकाला हुकूम सोडतो: चंद्रावर हल्ला कर! चंद्र जातो, पाणी ओसरतं, माकोचे मॉन्स्टर उघड्यावर तडफडतात. युगी डाव जिंकतो.

‘यु-गी-ओ!’ या जपानी अ‍ॅनिमेतला, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेतला, हा प्रसंग मोठ्या वयाच्या अ‍ॅनिमेप्रेमींमध्ये हमखास हशा मिळवतो. कारण याच नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या कार्डांच्या नियमांत चंद्रावर हल्ला करण्याची सोयच नाही. समोरच्याच्या मॉन्स्टरवर करा, नाहीतर थेट खेळाडूवर करा. चंद्र कुठून आला?

पनवेलमध्ये अ‍ॅनिमेवर तासन्‌तास बोलणारी जी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, ती तिशीच्या आगेमागे आहेत. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली, त्यानंतरच्या वर्षांत नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठ्यातल्या वसाहतींत ही पिढी वाढली. शाळेतून आल्यावर केबलवर हिंदीतून पोकेमॉन आणि बेब्लेड, खिशात वेफर्सच्या पाकिटातले टॅझो. २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स वाहिनी भारतात सुरू झाली, पुढे इंटरनेट आलं आणि यांची आवड कार्टूनच्या पलीकडे गेली. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या थिएटरांत लागावा म्हणून २०१९ मध्ये ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली, ती अशाच प्रेक्षकांनी चालवली. आणि चित्रपट खरोखर लागला. गोरेगावला नेस्कोत भरलेल्या कॉमिक कॉनला कॉस्प्लेचे कपडे पिशवीत घालून लोकलने जाणारेही यातलेच.

घरी या सगळ्यांनी एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकलंय: “घोडा झालास, अजून कार्टून बघतोस?” त्यावर त्यांचं उत्तर तयार असतं. हे कार्टून नाही, अ‍ॅनिमे आहे, यात मृत्यू आहे, राजकारण आहे, माणसाच्या मनाचा तळ आहे. पण ‘यु-गी-ओ!’चा विषय काढा, की हीच मंडळी आईबाबांच्या सुरात बोलतात. “ते होय? ती लहान मुलांची कार्डं खपवायची जाहिरात.” मला हे खटकतं. आक्षेप खोटा आहे म्हणून नव्हे. तो चुकीच्या जागी बोट ठेवतो म्हणून.

आधी आक्षेपातलं खरं ते मान्य करू. नायक हरायला आला की डेकमधून नेमकं हवं तेच कार्ड निघतं, आणि त्याला ‘हार्ट ऑफ द कार्ड्स’ म्हणजे पत्त्यांवरची श्रद्धा म्हणायचं. प्रत्येक चालीआधी खेळाडू तिचा अर्थ मोठमोठ्याने सांगतात. ‘पॉट ऑफ ग्रीड’ या कार्डाचं काम एवढंच, की डेकमधून आणखी दोन पत्ते उचलायचे. पण मालिकेत ते जेव्हा पडतं तेव्हा जणू पहिल्यांदाच पाहतोय अशा थाटात समजावून दिलं जातं. आणि धंदा? २००९ मध्ये गिनीज बुकने सर्वाधिक खपाचा ट्रेडिंग कार्ड गेम म्हणून याचीच नोंद केली, तेव्हा विकलेल्या कार्डांचा आकडा २२ अब्जांच्या वर होता. आपल्या शाळांबाहेर स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी नकली पाकिटं त्यात धरलेली नाहीत.

आता क्रम पाहा. काझुकी ताकाहाशी यांनी ‘यु-गी-ओ!’ हा मांगा, म्हणजे चित्रकथा, ‘वीकली शोनेन जंप’ साप्ताहिकात १९९६ मध्ये सुरू केला तो कार्डांबद्दल नव्हताच. बुटका, भित्रा, मित्र नसलेला युगी ‘मिलेनियम पझल’ हे प्राचीन इजिप्शियन कोडं जुळवतो आणि त्याच्या आत दुसरंच कुणीतरी जागं होतं. तो दुसरा युगी गुंडांना, फसवणाऱ्यांना खेळाचं आव्हान देतो आणि जो लबाडी करेल त्याला शिक्षा करतो. दर वेळी खेळ नवा. एका प्रकरणात तर तुरुंगातून पळालेल्या खुन्याशी डाव लागतो तो लायटर आणि दारूच्या बाटलीने. यातलं काही लहान मुलांचं नाही. १९९३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ बाजारात आला होता. त्यावरून ताकाहाशींनी ‘मॅजिक अँड विझर्ड्स’ नावाचा खेळ कथेत आणला, तो अनेक खेळांपैकी एक म्हणून. वाचकांना तो इतका आवडला की पुढे कथाच त्याच्याभोवती फिरू लागली.

मालिका आली १९९८ मध्ये. तोएई स्टुडिओचे २७ भाग आणि त्यासोबत बांदाई कंपनीची कार्डं. कोनामी कंपनीचा, आज खेळला जातो तो खेळ आला १९९९ मध्ये. जगभर गाजलेली, २२४ भागांची दुसरी मालिका २००० साली सुरू झाली. म्हणजे ताकाहाशींनी ‘ड्युएलिस्ट किंगडम’ हे बेटावरच्या स्पर्धेचं कथानक रंगवायला घेतलं, तेव्हा कोनामीचं नियमपुस्तक अस्तित्वातच नव्हतं. चंद्र फोडायला मनाई करणारं कुणी नव्हतं.

मला चंद्राचा प्रसंग आवडतो तो म्हणूनच. मुलं खेळतात तेव्हा असंच खेळतात. अंगणात लगोरी मांडली की झाड, गटार, उभी स्कूटर, सगळं खेळात येतं आणि त्यावर वाद घालून नियम तिथल्या तिथे ठरतात. ड्युएलिस्ट किंगडममध्ये कार्डावरचा आकडा म्हणजे फक्त सुरुवात असते. समुद्र असेल तर तो ओला असतो, किल्ला हवेत तरंगत असेल तर त्याला तरंगवणारं कडं फोडून तो खालच्यांवर पाडता येतो. युगी जिंकतो तो चित्राकडे नीट पाहतो म्हणून. पुढे ‘बॅटल सिटी’ कथानकापासून नियम कडक झाले. बलवान मॉन्स्टर आणायला आधी दुसऱ्याचा बळी द्यावा लागतो वगैरे, अगदी दुकानात मिळणाऱ्या खेळासारखं. मोठे चाहते या बदलाला सुधारणा म्हणतात. माझं म्हणणं उलटं आहे. जाहिरात सुरू झाली ती इथून, जेव्हा पडद्यावरचा डाव घरी पाकीट फोडून जसाच्या तसा मांडता येऊ लागला. ज्याला आपण अडाणीपणा म्हणून हसतो, तोच मालिकेचा सगळ्यात कमी विकाऊ भाग आहे.

पत्त्यांच्या डावात आकाश शिरणं आपल्याकडे नवीन नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्कापासून दहापर्यंत. खेळाची सुरुवात दिवसा रामाच्या राजाने होते, रात्री कृष्णाच्या. बाहेर सूर्य आहे की नाही यावर पहिली उतारी ठरते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या पाच अवतारांत दहा मोठा. परशुरामापासून कल्कीपर्यंत एक्का मोठा. हे पत्ते राजवाड्यात प्रौढ माणसं मन लावून खेळत, आणि त्यावर रंगवलेल्या मासा-कासवा-सिंहमुखाला कुणी पोरखेळ म्हणत नव्हतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही ते हाताने रंगवले जातात. शक्य असेल त्याने जाऊन पाहावेत.

चाहत्यांच्या रागाचं दुसरं कारण मात्र रास्त आहे: डबिंग. अमेरिकेतल्या फोरकिड्स कंपनीने २००१ पासून मालिका इंग्रजीत दाखवली ती कापून-पुसून. आपल्याकडच्या मुलांना युगीच्या मित्रमंडळींतला जोनोउची ‘जोई’ म्हणून आणि आंझु ‘टेया’ म्हणून माहीत झाली ती त्यामुळेच. कार्डांवरचा मजकूर गेला. सूटवाल्या गुंडांच्या हातातली पिस्तुलं पुसली, त्यामुळे ते नुसती बोटं रोखून धमकावताना दिसतात. मरण जिथे होतं तिथे ‘शॅडो रेल्म’ नावाची अंधारी जागा आली. एका डावात हरणाऱ्याचे पाय कापायला फिरत्या करवती येतात. इंग्रजीत त्यांच्या जागी चमकत्या चकत्या, ज्या माणसाला त्याच अंधारात पाठवतात. लहान मुलांना सोसणार नाही म्हणून काय काय काढायचं याचा निर्णय असा घेतला गेला, की उरली ती मालिका खरंच पोरकट वाटावी. आज तिला बालिश म्हणून हसणारे बरेचजण या कात्रीच्या कामाला हसत असतात.

हसण्याचा एक प्रकार मात्र मला मनापासून पटतो. २००६ मध्ये मार्टिन बिलनी या ब्रिटिश चाहत्याने मालिकेची दृश्यं कापून, स्वतःच सगळे आवाज काढून ‘अ‍ॅब्रिज्ड सिरीज’ नावाचे छोटे विडंबनपट केले. पुढे इतर मालिकांची तशीच विडंबनं करणाऱ्यांची रांग लागली. चंद्रावरचा हल्ला, अदृश्य पिस्तुलं, सगळं त्यात आहे. पण प्रत्येक भाग मुरवून पाहिल्याशिवाय असं विडंबन जमत नाही. ती चेष्टा आतल्या माणसाची आहे, तुच्छतेची नाही.

आणि मालिका गंभीर होते तेव्हा खरोखर होते. युगीचा प्रतिस्पर्धी काइबा याला आपल्या धाकट्या भावाला, मोकुबाला सोडवायचंय. युगीशी डाव हरत आल्यावर तो किल्ल्याच्या तटाच्या कडेला जाऊन उभा राहतो: हल्ला केलास तर धक्क्याने मी खाली पडेन. युगीच्या आतला दुसरा आत्मा हल्ला करायला निघतो. नियमात बसतं, डाव जिंकता येतो. छोटा युगी त्याला आतून अडवतो, जिंकलेला डाव सोडतो, आणि नंतर बराच वेळ डेकला हात लावायलाही घाबरतो, कारण आपल्या आत माणूस मरू देणारं कुणीतरी आहे हे त्याला कळलेलं असतं. इतकं अवघड काही ‘मोठ्यांच्या’ अनेक मालिकांतही मी पाहिलेलं नाही.

ताकाहाशी २०२२ च्या जुलैमध्ये ओकिनावाच्या समुद्रात गेले, वयाच्या साठाव्या वर्षी. पाण्याच्या ओढीत सापडलेल्यांना वाचवायला ते उतरले होते, हे काही महिन्यांनी तिथल्या बचावात असलेल्या एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या सांगण्यातून बाहेर आलं.

ज्यांनी ही मालिका लहानपणी अर्धीमुर्धी पाहून सोडली, त्यांनी आता मांगाच्या पहिल्या सात खंडांपासून सुरुवात करावी. कार्डांचं राज्य यायच्या आधीचे सगळे विचित्र खेळ तिथे आहेत. मग २००० ची मालिका, जपानी आवाजात, सबटायटल लावून. ड्युएलिस्ट किंगडम पूर्ण पाहावं, चंद्रासकट. बॅटल सिटीत खलनायक यामी मारिकचे डाव चुकवू नयेत. त्यानंतरच्या ‘जीएक्स’, ‘फाइव्ह डीज’ आणि पुढच्या मालिका मात्र कार्डांचा खेळ स्वतः खेळत असाल तरच.