वावरातली काळी माती आणि माझी पहिली वाटी

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहून काढलंय.

मी लोणारचा, नोकरी पुण्यात, दिवसभर कोड. रविवारी सिरॅमिक्सच्या क्लासला जातो. तिथे पहिल्या वस्तू सगळ्यांच्या त्याच असतात. आधी पिंच पॉट, म्हणजे गोळ्यात अंगठा घालून चिमटीने फिरवत केलेली वाटी. मग कॉइल, मातीच्या वळ्या एकावर एक. वळी नुसती ठेवून भागत नाही. दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ माती लावायची, नाहीतर वाळताना सुटते. माझी सुटली. मग स्लॅब, पोळीसारखं लाटून ताट. त्याच्या कडा आधी वाळल्या, मधलं ओलं राहिलं आणि ताटाची होडी झाली. सगळा खेळ पाण्याचा आहे. माती वाळताना आकसते, आणि सगळीकडून सारखी नाही आकसली की वाकते किंवा तडकते.

एवढं कळल्यावर मला वाटलं, जमलं आपल्याला.

त्याच सुमारास आमचं वावर विकायचं ठरलं. आजोबांचं वावर. व्यवहाराआधी एकदा जाऊन मी पिशवीभर माती घेतली. बाबा म्हणाले, "माती कायले नेतं रे पुण्याले?" मी म्हटलं, वाटी करतो.

पहिली वाटी वाळतानाच तीन ठिकाणी फाटली. दुसरीही. का? आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. लोणारचं विवरही त्याच बेसाल्टमध्ये, उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर इतके सैल, की पाणी थरांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की तेवढीच आकसते. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा आठवा, ज्यात चप्पल अडकते. माझ्या वाटीत तेच झालं. क्लासच्या मातीत केओलिनसारखी खनिजं जास्त, ती एवढी फुगत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, आधी पट्टी करून बघ. ओल्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ मारायची, वाळल्यावर मोजायची. क्लासच्या मातीची रेघ 9.4 भरली, आमच्या मातीची 8.7. मग डीबगिंगसारखं, एका वेळी एकच बदल. बारीक वाळू घातली, मग भाजलेल्या मातीचा चुरा. न आकसणारे कण मधे आले की भेगा कमी होतात आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. आपले कुंभार मातीत राख नाहीतर लीद मिसळतात, त्यामागे हाच हिशोब. हे मला बीटेकमध्ये कोणी सांगितलं नव्हतं!

पाचवी वाटी प्लॅस्टिकखाली दोन आठवडे हळूहळू वाळवली. टिकली. भट्टी 1000 अंशांपर्यंतच. या मातीत लोह जास्त, स्टोनवेअरच्या 1200 च्या वर नेली असती तर ती बसली असती. झाकण उघडलं तर काळी वाटी विटेसारखी लाल. लोहाला हवा मिळाली की हाच रंग येतो.

आणि आठवड्याने वाटीच्या काठाची टिकली उडाली. खाली पांढरा ठिपका. चुनखडीचा खडा! वावरात ते असतातच. भाजल्यावर त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची माती उडवतो. माती बारीक चाळणीतून गाळायला हवी होती. मी आळस केला.

सहावी करायला माती उरली नाही. वावर आता दुसऱ्याचं आहे, मागायला जीभ वळत नाही.

तीच फुटक्या काठाची वाटी लोणारला नेली. ग्लेझ नसल्याने पाणी झिरपतं, माठासारखं. बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, काही बोलले नाहीत. आईने त्यात लसूण ठेवलाय.